भोसले घराणे : पूर्वेतिहास व वंशशोध

महाराष्ट्रातील एक इतिहासप्रसिद्ध मराठा राजघराणे. मराठी राज्याचे संस्थापक छत्रपती शिवाजी महाराज याच घराण्यातील होत. सातारा, कोल्हापूर, तंजावर, नागपूर व अक्कलकोट येथील राजघराणी भोसले याच आडनावाची असून त्यांतील पहिली तीन शिवाजी महाराजांचे वडील शहाजी यांच्यापासून निघालेली आहेत. प्रस्तुत नोंदीत या घराण्याचा शहाजींपूर्वीचा इतिहास, भीमा व नीरा या नद्यांच्या दुआबातील त्याची वसाहत आणि त्याच्या मूळ पुरुषाविषयी झालेले संशोधन यांचा परामर्श घेतला आहे. या इतिहासाचे दोन स्पष्ट भाग पडतात. बाबाजी भोसले व त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी यांच्यापासून पुढचा भाग गावे, वतने, जहागिरी व लढाया यांच्या आधारे उभा राहतो. बाबाजींच्या मागील पिढ्या मात्र मुख्यतः परंपरा व वंशावळी यांवर अवलंबून आहेत.

वंशशोधाची साधने : एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष शोधण्याची साधने देशकालपरत्वे भिन्न असतात. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा झाली. त्यामुळे १६०७ मध्ये जेम्सटाउन येथे किंवा १६२० मध्ये प्लिमथ येथे उतरलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांचे वंशज अशा नोंदी, मृत्युपत्रे व जमिनीची खरेदीखते यांच्या साहाय्याने आपली कुळी समुद्रापलीकडच्या गावापर्यंत नेऊ पाहतात. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांच्या वंशजांनी १८९७ मध्ये त्याकरिता एक संस्थाही स्थापन केली. मालोजी भोसले हे या वसाहतकऱ्यांचे साधारणपणे समकालीन होत. परंतु महाराष्ट्रात त्या काळी जन्म-मृत्यूची सार्वत्रिक नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. येथे माणसाचे नाव कागदावर येई ते बहुधा जमिनीच्या, वतनाच्या किंवा इनामाच्या निमित्ताने.

पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांसारखी वतने वंशपरंपरागत असल्याने त्यांविषयी तंटा उपस्थित झाला, म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली हकीकत लिहून देत. या हकीकतीस करीना म्हणत. तीत वडील, आजे, पणजे यांची नावे, थोरल्या-धाकट्या शाखा आणि पूर्वी झालेले निवाडे यांचा निर्देश असे. गोतसभेने निवाडा केला, की त्याचा महजर होई व त्यावर गावचे वतनदार व बलुतेदार यांच्या निशाण्या पडत. इनामपत्रांतही पूर्वीच्या कोणत्या अंमलदाराच्या कारकिर्दीत जमीन चालली, याचा उल्लेख करण्याचा प्रघात होता. यांशिवाय तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाटांच्या वंशावळी, देवालयांतील शिलालेख व घराण्यांच्या बखरी ही साधने उपलब्ध होतात. या सर्वांचे मोल सारखे नाही. तंट्यातील करीन्याला प्रतिपक्षाचा व गावाच्या साक्षीचा धाक असतो, तर यजमानाच्या इच्छेने रचलेल्या वंशावळीला तो नसतो. भोसल्यांच्या वंशशोधात हा भेद पदोपदी लक्षात ठेवावा लागतो.

ज्ञात आरंभ : निश्चित स्वरूपाची माहिती मिळणारा या घराण्यातील पहिला पुरुष म्हणजे बाबाजी भोसले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे वेरूळची (सध्याचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा) पाटीलकी होती. त्याखेरीज भीमाकाठच्या हिंगणी-बेर्डी व देऊळगाव या गावांच्या पाटीलकीशीही घराण्याचा संबंध होता. हा संबंध महत्त्वाचा आहे, कारण भोसले मंडळी केवळ निजामशाही जहागिरीच्या निमित्ताने पुणे प्रांतात प्रथम आली, असे त्यावरून म्हणता येत नाही. जहागीर ही चाकरीच्या मोबदल्यात मिळे आणि चाकरी संपताच जाई. पाटीलकी हे गावाच्या मातीत रुजलेले वतन होते. नांगर व तलवार ही दोन्ही साधने हाती असलेले एक मध्यम प्रतीचे वतनदार कुटुंब, असे बाबाजींच्या काळातील भोसल्यांचे चित्र दिसते.

मालोजी व विठोजी : बाबाजींना मालोजी व विठोजी असे दोन पुत्र होते. मालोजींचा विवाह फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील उमाबाई (दीपाबाई असेही नाव आढळते) यांच्याशी झाला. नीरेच्या दक्षिणेस असलेले फलटण बारामतीपासून जवळ असून निंबाळकर हे त्या काळचे मातबर देशमुख घराणे होते. या सोयरिकीमुळे भोसल्यांची प्रतिष्ठा वाढली आणि नीरेच्या खोऱ्याशी त्यांचे नाते जडले. हे नाते पुढेही टिकले, कारण शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याही फलटणच्याच निंबाळकरांच्या कन्या होत. मालोजींना शहाजी व शरीफजी असे दोन पुत्र झाले. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील शाह शरीफ या अवलियाच्या कृपेने हे पुत्र झाले म्हणून त्यांना ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. विठोजींना आठ पुत्र होते व त्यांचाही मोठा विस्तार झाला.

मालोजींच्या उत्कर्षाविषयी बखरींत एक कथा येते. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यात रंगपंचमीच्या दिवशी शहाजी व जिजाबाई ही मुले खेळत असता लखुजींनी थट्टेने त्यांचा जोडा शोभेल असे म्हटले. मालोजींनी तो शब्द पक्का धरला व त्यावरून बेबनाव झाला. पुढे श्रीभवानीच्या कृपेने मालोजींना भूमिगत द्रव्य सापडले, ते श्रीगोंद्याच्या सावकाराकडे ठेवून त्यांनी स्वार उभे केले आणि निजामशहाकडून मनसब मिळविली, असा या कथेचा आशय आहे. ग्रँट डफ (१८२६) यांच्या ग्रंथामुळे ती सर्वत्र प्रसृत झाली. आधुनिक संशोधक ती अक्षरशः खरी मानीत नाहीत. तथापि वतनदाराला सरदार व्हावयाचे झाल्यास प्रथम स्वार उभे करण्यासाठी सावकाराचे पाठबळ लागे, या व्यवहाराची खूण तीत राहिली आहे.

मालोजींच्या संपन्नतेचा अधिक भरवशाचा पुरावा त्यांच्या धर्मकृत्यांत मिळतो. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार व शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या डोंगरावरील मोठा तलाव ही कामे त्यांच्या नावावर आहेत. शिंगणापूरच्या तलावाचा उल्लेख शिवभारत या संस्कृत काव्यातही येतो. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यानंतर मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली. या धामधुमीत मराठा पथकांची किंमत वाढली. पुणे व सुपे या परगण्यांची जहागीर मालोजींकडे आल्याचे बखरी सांगतात, ते याच काळातील होय.

इंदापूरची लढाई : निजामशहाच्या आज्ञेवरून मालोजी इंदापूरच्या मोहिमेवर गेले व तेथील लढाईत मारले गेले, असे शिवभारतात सांगितले आहे. या लढाईच्या काळाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १६०६ च्या सुमाराचा, तर काही १६२० च्या आसपासचा काळ धरतात. शहाजींच्या जन्मवर्षाचा वादही याच्याशी निगडित आहे. वडिलांच्या मृत्युसमयी शहाजी व शरीफजी अल्पवयीन होते, हे शिवभारतातील कथन स्वीकारल्यास लढाई बरीच आधी झाली असे मानावे लागते. मालोजींनंतर त्यांचे बंधू विठोजी यांनी दोन्ही पुतण्यांचा सांभाळ केला आणि घराण्याची चाकरी चालू ठेवली.

इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास असलेल्या तालुक्याचे ठिकाण आहे. या तालुक्याच्या उत्तर व पूर्व अंगाने भीमा, तर दक्षिण अंगाने नीरा वाहते आणि नीरा-नरसिंहपूर येथे दोहींचा संगम होतो. सतराव्या शतकाच्या प्रारंभी हा मुलूख निजामशाही व आदिलशाही यांच्या सरहद्दीवर होता. पाऊस अपुरा, जमीन काही भागांत काळी व कसदार, पण पिकाचा भरवसा नाही, अशा या प्रदेशात शेतीला शिलेदारीची जोड देणारी अनेक कुळे वाढली. इंदापुरातील एक जुनी गढी मालोजींची गढी म्हणून ओळखली जाते. वेरूळचे पाटील म्हणून निघालेल्या घराण्याच्या या शाखेचा कर्ता पुरुष भीमा-नीरेच्या मुलखात पडला आणि त्याच्या नातवाने याच टापूतून राज्याची उभारणी केली. या दृष्टीने इंदापूरचे स्थान घराण्याच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते.

जहागिरीचे पुढील रूप : १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शरीफजी मारले गेले व शहाजींचा पराक्रम प्रसिद्धीस आला. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आल्यावर शहाजी आदिलशाहीत गेले. मात्र पुणे, सुपे, इंदापूर व चाकण यांचा समावेश असलेली जहागीर त्यांच्याकडे कायम राहिली. दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली तिची व्यवस्था पाहिली जाई. सध्या बारामती तालुक्यात मोडणारे सुपे हे गाव शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्या ताब्यात होते. ते महाराजांनी १६५६ मध्ये आपल्या अंमलाखाली आणले. १६६० मध्ये शायिस्ताखान अहमदनगरहून पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याची फौज सुपे व बारामती या मार्गाने आली. वडिलार्जित जहागिरीचा प्रदेश अशा रीतीने नव्या राज्याचा गाभा आणि शत्रूच्या स्वारीचे पहिले लक्ष्य ठरला.

सिसोदिया वंशाची परंपरा : भोसले हे चितोड-उदयपूरच्या सिसोदिया राजपूत घराण्यातील होत, ही परंपरा सर्वाधिक रूढ आहे. अलाउद्दीन खल्जीने १३०३ मध्ये चितोड घेतल्यानंतर राणा कुळातील सज्जनसिंह नावाचा पुरुष दक्षिणेत आला व त्याच्या वंशात भोसले झाले, असे तीत मानतात. भोसले या नावाची व्युत्पत्ती कोणी भोसाजी या पूर्वजाच्या, तर कोणी एखाद्या गावाच्या नावावरून लावतात.

ही परंपरा राज्याभिषेकाच्या वेळी नव्याने रचली गेली, असे एक मत होते. परंतु शहाजींच्या बंगलोर येथील दरबारातील कवी जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपू या काव्यात शहाजींचे कुळ राण्याच्या वंशाशी जोडलेले आहे. हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. त्यावरून राजपूत वंशाची समजूत शहाजींच्या हयातीतच, म्हणजे राज्याभिषेकापूर्वी, घराण्यात रूढ होती हे स्पष्ट झाले. समजूत जुनी आहे एवढे यावरून सिद्ध होते. ती खरी आहे असे मात्र होत नाही. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंद यांनी रचलेल्या शिवभारतात घराण्याला सूर्यवंशी म्हटले आहे, पण कथेचा प्रारंभ मालोजींपासून केला आहे.

राज्याभिषेक व वंशाचा प्रश्न : ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाने वंशाच्या प्रश्नाला राजकीय महत्त्व आले. अभिषेक वैदिक विधीने व्हावयाचा, तर राजा क्षत्रिय असणे धर्मशास्त्राच्या तत्कालीन समजुतीप्रमाणे आवश्यक होते. काशीचे पंडित गागाभट्ट यांनी हा विधी केला. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत (१६९७) वंशाचा शोध करता राजे सिसोदिया कुळातील शुद्ध क्षत्रिय असून त्यांचे घराणे उत्तरेकडून दक्षिणेत आल्याचे आढळले, अशा आशयाचा मजकूर आहे. बाळाजी आवजी चिटणीस यांच्या पुढाकाराने उत्तरेतून वंशावळ आणविल्याची परंपराही आहे. सर जदुनाथ सरकार यांनी ही वंशावळ बनावट मानली, तर इतरांनी तीत जुन्या परंपरेचे पुनर्लेखन पाहिले.

हा प्रश्न तेथेच संपला नाही. एकोणिसाव्या शतकात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत आणि त्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या काळात वेदोक्त-पुराणोक्त वादाच्या रूपाने तो पुन्हा उद्भवला. पूर्वजांच्या यादीवर जिवंत माणसांचे धार्मिक अधिकार व सामाजिक प्रतिष्ठा अवलंबून असल्यामुळे भोसल्यांच्या वंशशोधाला केवळ विद्वत्तेचा विषय म्हणून राहणे फार काळ शक्य झाले नाही. त्यावरील मतांतही बऱ्याचदा त्या त्या काळच्या वादाची छाया दिसते.

उत्तरकालीन वंशावळी : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वंशावळी अधिकाधिक विस्तृत होत गेल्या. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. हा अतिशय विस्तृत असा शिलालेख आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतही पूर्वजांची मालिका दिली आहे. या याद्यांतील बाबाजींच्या अलीकडची नावे सामान्यतः जुळतात, परंतु त्यांच्या पलीकडची नावे, त्यांचा क्रम व पिढ्यांची संख्या परस्परांशी जुळत नाहीत. काळ जितका दूरचा, तितका तपशील अधिक, हेही अशा वंशावळींचे सामान्य लक्षण येथे आढळते.

मुधोळची फर्माने : मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांकडील फार्सी फर्मानांच्या आधारे द. वि. आपटे यांनी १९३४ मध्ये त्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. या कागदांनुसार सज्जनसिंहाच्या वंशजांनी बहमनी सुलतानांची चाकरी केली. त्यांपैकी कर्णसिंहाने घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केला म्हणून त्याच्या शाखेस घोरपडे हे नाव पडले आणि शुभकृष्णाच्या शाखेतून वेरूळचे भोसले निघाले. ही फर्माने अस्सल ठरल्यास बाबाजी व सज्जनसिंह यांच्यामधील पिढ्यांचा दुवा सापडतो. परंतु त्यांच्या अस्सलपणाविषयी जाणकारांनी शंका व्यक्त केल्या असून त्यांवर निर्णायक विधान आधारणे धोक्याचे आहे.

दाक्षिणात्य मूळ : रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव (२००१) या ग्रंथात वेगळा विचार मांडला. भोसल्यांचे कुलदैवत असलेल्या शंभुमहादेवाच्या क्षेत्राचा इतिहास, स्थलपुराणे व कर्नाटकातील कोरीव लेख यांच्या साहाय्याने त्यांनी भोसल्यांचे मूळ होयसळ यादवकुळाशी जोडले. कर्नाटकातील सोरटूरहून बळिप नावाचा पुरुष शिंगणापूर परिसरात आला व तो या घराण्याचा मूळ पुरुष होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या उपपत्तीने घराण्याच्या श्रद्धास्थानांकडे पुरावा म्हणून पाहण्याची दिशा दाखविली. मात्र बळिपापासून बाबाजींपर्यंतच्या पिढ्यांची अखंड साखळी तिच्यातही लागत नाही आणि अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद आहेत.

बारामतीतील दोन घराणी : याच परिसरात अठराव्या शतकात येऊन वसलेल्या घराण्यांशी तुलना केल्यास भोसल्यांच्या वंशशोधातील अडचण अधिक स्पष्ट होते. कऱ्हा नदीच्या काठी असलेल्या बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांचे सावकारी घराणे प्रबळ होते. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई दिलेली होती. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर रघूजी भोसले यांच्या पाठिंब्याने बाबूजींनी पेशवेपदावर हक्क सांगितला, तथापि ते पद बाळाजी बाजीराव यांस मिळाले. याच बाबूजींच्या आश्रयास मोरोपंत पराडकर (१७२९–९४) हे पंडितकवी आले. पराडकरांचे मूळ गाव कोकणातील सौंदळ असून मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्यास झाला व पुढील आयुष्य बारामतीस गेले. या दोन्ही घराण्यांचा माग कर्जरोखे, पत्रव्यवहार, पोथ्या व आश्रयदात्यांचे कागद यांमुळे लागतो, कारण लेखन हाच त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. शेती व शिलेदारी करणाऱ्या कुळाचे पूर्वज मात्र वतनाच्या कागदात नाव आल्याखेरीज इतिहासाला सहसा दिसत नाहीत.

अव्वल इंग्रजी अमदानीत या कागदांना नवे महत्त्व आले. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे व वंशावळी मागविल्या. त्यामुळे घरोघरचे कागद बाहेर पडले व पुण्याच्या पेशवे दप्तराला चौकशीचे साधन म्हणून महत्त्व आले. त्यापूर्वी प्रिंगलची जमीनमोजणी अयशस्वी झाल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीची तीस वर्षांची जमाबंदी प्रथम इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये लागू केली. तिने प्रत्येक शेताला क्रमांक दिला व सारा भरणारा खातेदार नोंदविला. तेव्हापासून या भागातील सामान्य कुणब्याच्या कुळाचाही माग सरकारी दप्तरात लागू शकतो. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जुने महजर, करीने व इनामपत्रे मिळवून छापल्यावर भोसल्यांचा इतिहास बखरींच्या पलीकडे नेणे शक्य झाले.

मूल्यमापन : उपलब्ध पुराव्यावरून भोसले घराण्याचा अखंड इतिहास बाबाजींच्या मागे खात्रीने नेता येत नाही. सिसोदिया परंपरा शहाजींच्या काळाइतकी तरी जुनी आहे, पण तिच्या मधल्या पिढ्या सिद्ध झालेल्या नाहीत. मुधोळची फर्माने वादग्रस्त आहेत, तर दाक्षिणात्य मुळाची उपपत्ती विचारार्ह असली, तरी सर्वमान्य नाही. या सर्व वंशावळी निरर्थक आहेत असे मात्र नव्हे. शहाजींच्या दरबारातील काव्य सरदार घराण्याची महत्त्वाकांक्षा सांगते, राज्याभिषेककालीन वंशावळ नव्या राजपदाची धर्मशास्त्रीय गरज सांगते आणि तंजावरचा शिलालेख सत्ता गमावलेल्या राजाची कुलाभिमानाची भावना सांगतो. त्या ज्यांच्याविषयी लिहिल्या त्या प्राचीन पुरुषांपेक्षा, ज्यांनी लिहविल्या त्यांच्या काळासाठी त्या अधिक विश्वसनीय साधने होत.

याउलट वेरूळ, हिंगणी-बेर्डी, देऊळगाव, सुपे व इंदापूर या गावांतून दिसणारा घराण्याचा प्रवास साधा व सुसंगत आहे. पाटीलकीचे वतन, फलटणची सोयरीक, निजामशाहीची चाकरी, सरहद्दीवरील लढाईत कर्त्या पुरुषाचा मृत्यू, पोरक्या पुतण्यांचा चुलत्याने केलेला सांभाळ आणि टिकवून धरलेली जहागीर, या पायऱ्यांनी एका गावपाटलाच्या कुळाचे राजकुळात रूपांतर झाले. याच पायऱ्या निंबाळकर, जाधव, घोरपडे यांसारखी त्या काळची अन्य मराठा घराणीही कमीअधिक प्रमाणात चढत होती. भोसल्यांच्या मूळ पुरुषाचा शोध अपुरा राहिला, तरी सतराव्या शतकातील मराठी राज्याचे सामाजिक मूळ मालोजींच्या या चरित्रातून पुरेसे स्पष्ट होते.